कोणताही एप्सिलॉन घ्या

६ जानेवारी, मंगळवार

निकाल लागला. रिअल अनालिसिस पुन्हा गेला. दुसऱ्यांदा. आतापर्यंतचे बाकी सगळे पेपर सुटलेत, अल्जेब्रात तर वर्गात माझा हात कोणी धरू शकत नाही, आणि हा एक मेला पाठ सोडत नाही. डहाणू रोडच्या बाजारात आईच्या पाटीशी बसले होते तेव्हाच मेसेज आला. कोलंबी सोलत होते. ओल्या बोटाने मोबाईल उघडेना, ड्रेसला बोट पुसून उघडला, आणि वाटलं, उघडला नसता तर निदान घरी जाईपर्यंत तरी सुखात राहिले असते.

आईने विचारलं, काय झालं? म्हटलं, काही नाही. ती म्हणाली, म्हणजे गेला. आणि गिऱ्हाइकाकडे वळली.

हा जुन्या अभ्यासक्रमाचा पेपर आहे. कॉलेजातले म्हणतात, एप्रिलमध्ये एकदा होईल, पुढचं काही सांगता येत नाही. एप्रिलमध्ये सुटला नाही तर पदवी लटकली, आणि पदवी लटकली की एम.एस्सी. कसली करतेस बाई. मला अकरावी-बारावीच्या पोरांना गणित शिकवायचं आहे. आईचं काम हलकं आहे असं मला कधीच वाटलं नाही, पण मला ते करायचं नाही. हे आईसमोर बोलायची हिंमत नाही म्हणून इथे लिहितेय.

९ जानेवारी, शुक्रवार

चंद्रिका मॅडमना माझ्याशी काय वैर आहे ते एकदा त्यांनी सांगून टाकावं. तलासरीहून येतात, अनालिसिस शिकवतात, आणि वर्गात पाऊल ठेवलं की त्यांना मीच दिसते. आज म्हणाल्या, जयश्री, परीक्षेत जे लिहिलंस ते फळ्यावर लिही.

लिहिलं. पहिलीच ओळ, समजा एप्सिलॉन बरोबर एक. लगेच म्हणाल्या, थांब, हा एप्सिलॉन कोणी घेतला? म्हटलं, मी. म्हणाल्या, "तू कोण?" सगळा वर्ग हसला. शेवटच्या बाकावरचा नविन तेवढा हसला नाही, पण तो तसाही कशालाच हसत नाही.

आता यात माझं काय चुकलं? गोष्ट एवढीच असते. उत्तरात इतकीशी चूक चालेल, त्याहून जास्त नाही, असं ठरवायचं. ती चूक म्हणजे एप्सिलॉन. त्या चुकीच्या आत राहायचं तर बिंदूच्या किती जवळ उभं राहायला हवं, ते अंतर म्हणजे डेल्टा. एप्सिलॉन घ्या, डेल्टा काढा. पुस्तकात स्वच्छ लिहिलंय, फॉर एनी एप्सिलॉन. एनी म्हणजे कोणताही. मी एक घेतला, त्याचा डेल्टा काढला, तो बरोबरही आला. कोणताही घ्या म्हणायचं आणि घेतला की शून्य द्यायचं, हा कुठला न्याय?

मॅडम म्हणाल्या, विचार कर. विचार करून करूनच तर दोनदा नापास झाले.

१८ जानेवारी, रविवार

नविन रानशेतचा. घरात वारली बोलतो, आमच्याशी मराठी, आणि दोन्हीकडे कमीच बोलत असणार. काल कॉलेजच्या गेटवर मला गाठून म्हणाला, माझंही अडकलंय, रविवारी मिळून बसायचं का? मला बरंच वाटलं. हल्ली निकाल ज्याचा त्याला मोबाईलवर कळतो, त्यामुळे बुडणारी मी एकटीच आहे असं वाटत राहतं.

लायब्ररी रविवारी बंद. म्हणून आज पारनाक्याला, समुद्राकाठच्या सुरूच्या झाडांखाली बसलो. रानशेतहून एसटीने आला. पुस्तक आणलं नव्हतं. म्हटलं, अभ्यासाला आलास की हवा खायला? म्हणाला, तुझ्यात बघतो. आणि काहीही येत नाही त्याला. म्हणजे मला जितपत येतं तितपतसुद्धा नाही. सगळी दुपार त्याला शिकवण्यात गेली, माझा अभ्यास झाला नाही तो नाहीच.

१ फेब्रुवारी, रविवार

नविनशी डोकं लावणं म्हणजे भिंतीशी बोलणं. नाही, भिंत उलट विचारत तरी नाही.

मी शांतपणे सांगत होते, एप्सिलॉन एक, म्हणून डेल्टा अर्धा, झालं. तर म्हणतो, मी पाव मागितला तर? म्हटलं, पावासाठी वेगळा डेल्टा काढू. म्हणतो, आणि त्याहून लहान मागितला तर? म्हटलं, तोही काढू. आणि त्याहून लहान? शेवटी माझं टाळकं सरकलं. म्हटलं, "अरे पण तू मागतोस कशाला? मागणारा तू कोण?" तो माझ्याकडे असा बघत राहिला की जणू पुढचं वाक्य मीच बोलणार आहे. पोटात कावळे ओरडत होते, वडापाव आणायला उठले.

परत आले तर हा दप्तरातून अल्जेब्राचं पुस्तक काढून वाचत बसलेला. चांगलाच झापला. म्हटलं, अल्जेब्रा सोपा आहे, शेवटच्या आठवड्यात होतो, जे येत नाही ते आधी कर. ठेवून दे ते. मुकाट्याने ठेवलं.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

वर्ग सुटल्यावर रिकाम्या खोलीत नविनला पुन्हा तेच सांगत होते. मॅडम डोकावल्या. मला काही नाही म्हणाल्या, त्यालाच विचारलं, "नविन, तू इथे काय करतोयस?" तो गडबडीने म्हणाला, पाणी प्यायला आलो होतो. खोलीत पाणी कुठलं? मॅडम जरा हसल्या आणि निघून गेल्या. मला राग आला. येत नाही म्हणून बिचारा बसला होता, त्यात हसण्यासारखं काय आहे? मॅडमनी त्याच्यावर पाणी सोडलेलं दिसतंय. मी निदान फळ्याशी बोलावण्याच्या लायकीची तरी आहे.

२१ फेब्रुवारी, शनिवार

आई मामाकडे साखरपुड्याला गेली, म्हणून पाटीवर मी एकटी. मांदेलीचे वाटे लावले. चांगली चकचकीत वर, मऊ पडलेली खाली, हे काही मी शोधून काढलेलं नाही, सगळेच लावतात. समोरचा वाटा मात्र खालपर्यंत ताजा ठेवला होता, हाताशी यावा म्हणून.

एक बाई आली. तिला म्हटलं, कोणताही घ्या मावशी, सगळे सारखेच, आणि समोरचा उचलून पुढे केला. तिने तो घेतलाच नाही. हात लांब करून अगदी मागचा, कोपऱ्यातला उचलला आणि पाटीवरच पालथा केला. खालची मांदेली सगळ्या बाजाराने बघितली. मी म्हटलं, अहो मी तुम्हाला हा देत होते ना. तर ती म्हणते, "तू कोण देणारी? कोणताही म्हणालीस, मग उचलणार मी."

शेजारच्या बायका हसायला लागल्या. मला धरणीने पोटात घ्यावं असं झालं. भांडायला तोंड उघडलं आणि तसंच राहिलं, कारण एकदम डोक्यात लख्ख झालं. कोणताही म्हणणारी मी, पण उचलणार मी नाही. उचलणार ती. आणि ती जो उचलेल तो चांगला निघाला तरच माझं बोलणं खरं. सोयीचा एक पुढे करून सगळे सारखे म्हणणं म्हणजे फसवणूक. परीक्षेत दोन वेळा मी हेच केलं. एप्सिलॉन बरोबर एक, हा माझा समोरचा वाटा होता.

बाई मासळी न घेता गेली. माझं तिकडे लक्षच नव्हतं. तिथल्या तिथे पिशवीवर पेनाने डेल्टा काढला, एप्सिलॉन कितीही लहान मागा, त्याच्या निम्मा. आकडा टाकायचाच नाही. समोरचा काय मागेल ते आपल्याला माहीत नाही, म्हणून अक्षरच ठेवायचं. इतकं साधं? मग हे कोणी आधी सांगितलं का नाही? संताप संताप झाला.

२२ फेब्रुवारी, रविवार

नविनला मांदेलीसकट सगळं सांगितलं. तो हसला. खरंच हसला, दात दिसले. मग म्हणाला, आणि एप्सिलॉन तोच ठेवला तर प्रत्येक बिंदूला वेगळा डेल्टा न देता सगळ्या बिंदूंना एकच पुरेल का? म्हटलं, आता हे काय नवीन काढलंस, आधीचं तरी पचू दे. घरी येऊन बघितलं तर पुढचा धडा नेमका तोच निघाला. त्याला तर हा धडा माहीतही नसणार. कधी कधी आंधळ्याचा नेम लागतो तो असा.

८ मार्च, रविवार

नविन आला नाही. होळीचं गावाला चालू असेल. एक निरोप टाकायला काय होतं? बाकावर एकटी बसून वाचायचा प्रयत्न केला. समोर कोणी चुकीचं विचारत नसलं की माझं डोकंच चालत नाही, ही एक नवीन भानगड. अर्ध्या तासात उठले.

२५ मार्च, बुधवार

मॅडमनी सराव परीक्षा घेतली आणि मी त्यातही पडले. थोडक्यात, पण पडले. कंटिन्यूइटीचं सगळं बरोबर आणि पुढच्या सीक्वेन्समध्ये पुन्हा माती. एक धडा कळायला बाजारात नाक कापून घ्यावं लागलं, बाकीच्या धड्यांसाठी काय काय कापू?

घरी आल्यावर रडले. धर्मेशदादा जाळं विणत बसला होता. एरवी मला गणितवाली म्हणून चिडवतो, आज काही बोलला नाही, त्याने जास्तच रडू आलं. आई म्हणाली, नाही जमत तर सोड, तू काय आम्हाला जड झालीस का? ती मायेनेच म्हणाली. पण मला वाटलं, या घरात माझ्या नापास होण्याची तयारी पण करून ठेवलीय सगळ्यांनी. मी आईवर खूप ओरडले. ती जेवली नाही. मीही नाही.

५ एप्रिल, रविवार

आज सीक्वेन्स नविनला तीन वेगवेगळ्या तऱ्हांनी सांगितला. नेहमीचं त्याचं, "थांब, हे कुठून आलं?" मी ओरडले, "कुठून आलं म्हणजे, इथून आलं," आणि बोट ठेवलं तिथे काही नव्हतंच. माझ्याच वहीत एक अख्खी पायरी गाळलेली. तो म्हणाला, मला वाटलं मलाच दिसत नाहीये. ती पायरी घातल्यावर सगळं सुतासारखं सरळ झालं. वैताग म्हणजे त्याला न कळल्यामुळे मला कळतं. असा मठ्ठ मुलगा नशिबाने मिळाला म्हणायचा.

त्याच्या दप्तरात अजून ते अल्जेब्राचं पुस्तक असतं. हल्ली काढत नाही.

१६ एप्रिल, गुरुवार

राहिलेला पेपर पुन्हा देणाऱ्या केटीवाल्यांचं सेंटर तलासरीच्या एका कॉलेजात. नविन आणि मी एकाच एसटीने गेलो. त्याने पॅड आणलं होतं, दोन पेनं आणली होती. वाटेत मी त्याला सगळ्या व्याख्या म्हणून दाखवायला लावल्या. एकही चुकला नाही. मला इतका आनंद झाला, म्हटलं माझा विद्यार्थी तयार झाला.

बोर्डावर आसनव्यवस्था लावली होती. माझा नंबर सापडला, त्याचा सापडेना. मीच घाबरले. सगळ्या याद्या वरून खाली बघितल्या, म्हटलं चल ऑफिसात, तुझा फॉर्म राहिला वाटतं, रडायचं नाही, मी बोलते. तो जागचा हलेना. शेवटी म्हणाला, "माझा नंबर नसणारच. माझा हा पेपर मागच्या वर्षीच सुटला."

मला आधी कळलंच नाही. मग कळलं. घंटा झाली.

तीन तास काय लिहिलं देव जाणे. राग इतका होता की पेन कागदात रुतत होतं आणि तरी लिहीत होते. प्रत्येक ओळीला डोक्यात त्याचा तो मठ्ठ आवाज, हे कुठून आलं, मी लहान मागितला तर, आणि प्रत्येक ओळीला मी दात-ओठ खाऊन उत्तर देत होते. पुरवणी मागितली. या पेपरला मी पहिल्यांदा पुरवणी मागितली.

बाहेर आले तर गेटशी उभा, उन्हात, ते रिकामं पॅड हातात. म्हटलं, माझी मजा बघत होतास का इतके महिने? म्हणाला, "तुला कोणी समजावलं की तू ऐकत नाहीस, भांडतेस. म्हणून म्हटलं, तूच समजाव."

मग तू अडकलंय म्हणालास ते काय अडकलं होतं, असं विचारलं. त्यावर रस्त्याकडे बघत बसला. हे त्याचं नेहमीचंच, विचारावं एक आणि हा बघणार भलतीकडे. एसटीत मी वेगळ्या सीटवर बसले. रानशेतहून दर रविवारी यायचं, काही येत नसल्याचं सोंग करायचं, माझी बोलणी खायची. यातून त्याला काय मिळालं ते मला अजून समजलेलं नाही.

२८ एप्रिल, मंगळवार

या वर्षीचा अल्जेब्राचा पेपर झाला. मला सोपा गेला. नविन दोन बाक पुढे होता. वेळ संपायच्या खूप आधी पेपर देऊन निघून गेला. आला तेव्हा माझ्याकडे बघत होता, मी मुद्दाम पट्टी शोधत बसले. अजून राग गेलेला नाही. मला मठ्ठ बनवलं त्याने, आणि मी त्याला मठ्ठ म्हणत होते.

१२ जून, शुक्रवार

सुटला. अनालिसिस सुटला. काठावर नाही, चांगला सुटला. बोटी वर ओढल्यात, मासेमारी बंद, त्यामुळे आई घरीच होती. तिला सांगितलं तर म्हणाली, आता तरी जेवशील ना नीट, आणि पदराने डोळे पुसले. धर्मेशदादाने साऱ्या आळीत बोंब ठोकली की आमची गणितवाली पास झाली. मी नाचायचीच बाकी होते.

चंद्रिका मॅडमना फोन केला. म्हटलं मॅडम, तुमच्यामुळे. त्या म्हणाल्या, माझ्यामुळे कसलं, मी तर नुसती तू कोण विचारून मोकळी झाले. मग म्हणाल्या, "नविनचा अल्जेब्रा गेला. तुला माहीत असेल."

मला माहीत नव्हतं.

फोन ठेवला आणि तिथेच ओट्यावर बसले. अल्जेब्रा सोपा आहे, शेवटच्या आठवड्यात होतो. ठेवून दे ते. कोणाला सोपा? मला. मी विचारलं होतं का कधी त्याला? मी रडले, तर आईला वाटलं आनंदाने रडतेय, आणि तिने साखर आणून माझ्या तोंडात घातली.

१४ जून, रविवार

सकाळी रानशेतला गेले. मी याआधी कधी गेले नव्हते, आणि दर रविवारी उठून इकडून डहाणूला यायचं म्हणजे काय ते आज एसटीची वाट बघताना कळलं. पाडा रस्त्यापासून आत आहे. त्याची आई, सुकीकाकी, अंगणात भाताचं बियाणं निवडत होती. कोण, कुठली, काही न विचारता तिने आधी पाणी दिलं. मग म्हणाली, तू ती रविवारवाली ना? मी हो म्हटलं.

नविन मागच्या बाजूने आला, हाताला माती. मला बघून तिथेच उभा राहिला. मी बोलायचं खूप ठरवून आले होते. तू माझ्यासाठी स्वतःचा पेपर घालवलास, तुला अक्कल आहे का, कोणी सांगितलं होतं, असं सगळं. त्यातलं एवढंच तोंडातून निघालं की अल्जेब्राचं पुस्तक आण.

आणलं. पडवीत बसलो. नेमका कुठे अडतो ते मला दोन मिनिटांत दिसलं. आधी अ करून मग ब केलं काय किंवा आधी ब करून मग अ केलं काय, उत्तर एकच येणार, असं तो सगळीकडे धरून चालतो. तसं नेहमी येत नाही. अख्खा पेपर त्यावरच उभा असतो. मला सांगायला एक मिनिट लागलं असतं, तोंडाशी आलं होतं. माझ्या जिभेला असलं काही गिळायची सवय नाही. तरी गिळलं.

म्हटलं, "नविन, हा क्रम बदलला तर काय होतं? मला नाही कळत, सांग ना."

तो माझ्याकडे बघत राहिला. त्याला सगळं कळलं असणार, मठ्ठ थोडाच आहे तो. मग त्याने पेन्सिल उचलली, वही स्वतःकडे ओढली आणि सांगायला लागला. साफ चुकीचं सांगत होता. मी मान हलवत होते, आणि तो थांबला की विचारत होते, बरं, आणि मग हे कुठून आलं?